शास्त्रीय संगीतात एम.ए. : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की संगीत विभागांचे फोन खणखणायला लागतात. विचारणारे दरवर्षी नवे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. पुढची उत्तरं हिंदुस्थानी शास्त्रीय गायन किंवा वादन, म्हणजे प्रत्यक्ष कला सादर करणं हा ज्यांचा मुख्य विषय असणार आहे, त्यांच्यासाठी आहेत. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचायला हवंच.

एम.ए. करून मैफलीचा कलाकार होता येतं का?

एम.ए. केलेले मैफलीचे कलाकार पुष्कळ आहेत, पण केवळ एम.ए.मुळे कोणी मैफलीचा कलाकार झालेला नाही. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर होत्या. पुढे त्यांनी संगीतात डॉक्टरेट घेतली आणि मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाचं प्रमुखपदही सांभाळलं. पण त्यांचं गाणं घडलं ते सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या तालमीत.

साधा हिशेब करून पाहा. दोन वर्षांची चार सत्रं, एका सत्रात शिकवण्याचे साधारण पंधरा आठवडे. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास धरले आणि त्यातले गटात वाटले जाणारे वजा केले, तर एकट्या तुमच्या गळ्याकडे लक्ष देऊन कोणी शिकवलं असा वेळ फारच थोडा उरतो. तेवढ्यात खयाल, म्हणजे राग विस्ताराने गाण्याचा मुख्य प्रकार, गळ्यावर चढत नाही. आधी दहा-बारा वर्षांची तालीम झालेली असेल तर ही दोन वर्षं तिला धार लावतात. तालीमच झाली नसेल तर पदवी हातात पडेल आणि गाणं होतं तिथेच राहील.

मग एम.ए. करायचंच कशाला?

तीन गोष्टी गुरूच्या घरी सहसा मिळत नाहीत आणि इथे मिळतात, म्हणून.

पहिली म्हणजे रुंदी. गुरूकडे एक यमन वर्षभर चालतो आणि ते योग्यच आहे. विभागात मात्र आवडो न आवडो, सारंगाचे, कानड्याचे, मल्हाराचे प्रकार शेजारी शेजारी ठेवून शिकावे लागतात. स्वतः होऊन ज्या रागाच्या वाटेला गेला नसता, तो परीक्षेच्या धाकाने बसवला जातो.

दुसरी, बोलता येणं. आपण काय गातो आणि तसंच का गातो, हे चार वाक्यांत सांगता येणं ही वेगळी विद्या आहे. पुढे शिकवायचं असेल, कार्यशाळा घ्यायची असेल किंवा लिहायचं असेल तर ती लागतेच. उत्तम गाणाऱ्या कित्येकांची गाडी नेमकी इथे अडते.

तिसरी, बरोबरीचे गाणारे. दुसऱ्या घराण्यात शिकलेला मित्र तोच राग वेगळ्या वाटेने नेतो, तेव्हा आपण पाठ केलेल्या पुष्कळ गोष्टी नव्याने तपासाव्या लागतात. हे चहाच्या टपरीवर जितकं होतं तितकं वर्गातही होत नाही.

नोकरीसाठी लागणारा कागद हे चौथं कारण. त्याबद्दल पुढे.

बी.ए.ला संगीत नव्हतं. प्रवेश मिळेल का?

बऱ्याच ठिकाणी मिळतो. वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी केलेल्यांना ‘कोणत्याही शाखेची पदवी अधिक संगीतातली ठरावीक परीक्षा’ अशा अटीवर घेतात आणि ती परीक्षा बहुधा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा तिच्या बरोबरीची असते. काही विद्यापीठं मात्र संगीतातल्या पदवीचाच आग्रह धरतात.

इथे एक गल्लत कायम होते. ‘विशारद म्हणजे पदवीच’ असं क्लासमध्ये सांगितलं जातं. समकक्षता कोणती आणि कशापुरती मानायची हे विद्यापीठ किंवा नोकरी देणारी संस्था ठरवते. नुसत्या विशारदवर, कुठलीही पदवी नसताना, एम.ए.ला बसता येईल असं गृहीत धरू नका. लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी असणाऱ्यांना दोन वर्षांचं एम.ए. आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असणाऱ्यांना एका वर्षाचं, अशी सोय होऊ लागली आहे. ज्यांना निवड आहे त्यांनी शक्यतो दोन वर्षं घ्यावीत, असं माझं मत. संगीतात एक वर्ष म्हणजे हात लावला न लावला तोच परीक्षा.

अलंकार आणि एम.ए. यांत फरक काय? दोन्ही करावं का?

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं आणि प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची शिडी रूढ झाली. अलंकार ही त्या शिडीची वरची पायरी. तयारी आपापल्या गुरूकडे करायची आणि परीक्षा केंद्रावर द्यायची.

एम.ए.मध्ये रोजची हजेरी, अंतर्गत गुण, प्रबंधिका (छोटा प्रबंध), ग्रंथालय आणि शिक्षकांचा सहवास असतो. रागांची यादी समोरासमोर ठेवली तर अलंकारचा अभ्यासक्रम कमी नाही, काही जागी तो जास्तच कस पाहतो. पण प्राध्यापकीसाठी, तिच्या नेट-सेट या पात्रता परीक्षांसाठी आणि पीएच.डी.साठी विद्यापीठाची पदवीच लागते. गुरू चांगले असतील आणि नोकरीचा विचार नसेल तर अलंकार पुरे. दोन्ही एकाच वर्षी देण्याचा हट्ट मात्र करू नये, गळ्याचे हाल होतात.

कुठे कुठे शिकता येतं?

महाराष्ट्रात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. त्याच्या नावातच ‘गुरुकुल’ आहे आणि गुरूंकडून तालीम हा तिथल्या रचनेचा कणा आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग अशोक दा. रानडे यांनी घडवला. तिथे शास्त्र आणि प्रयोग यांची सांगड घालण्याची परंपरा आहे. एसएनडीटी, पुण्यातलं भारती विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथेही संगीताचे विभाग आहेत.

राज्याबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. त्याच्या संगीत शाखेचं मूळ १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेत आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य गायक ओंकारनाथ ठाकूर होते. लखनौला १९२६ मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या प्रयत्नातून उभं राहिलेलं मॅरिस कॉलेज आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून केवळ कलांना वाहिलेलं आहे. छोटं गाव, मोठं आवार, आणि लक्ष विचलित करायला फारसं काही नाही. शिवाय दिल्ली विद्यापीठ आणि शांतिनिकेतनचं संगीत भवन.

कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी या यादीत बसत नाही. ती पदवी देत नाही. निवडक शिष्यांना गुरूंच्या सान्निध्यात ठेवून शिष्यवृत्ती देऊन शिकवते. ज्याला फक्त आणि फक्त गायचंच आहे, त्याने एम.ए.चा अर्ज भरण्याआधी तिथली चौकशी करावी.

यातलं निवडायचं कसं?

नावावर जाऊ नका. ज्या दिग्गजांच्या नावाने विभाग ओळखला जातो, ते बहुतेकदा निवृत्त झालेले किंवा कधीच गेलेले असतात. भिंतीवरचे फोटो तालीम देत नाहीत.

पाहायचं ते असं : आत्ता, या वर्षी, तिथे कायम नेमणुकीवर किती शिक्षक आहेत? तासिका तत्त्वावर किती? अर्धा विभाग तासिकांवर चालत असेल तर सत्राच्या मधेच शिक्षक बदलण्याची शक्यता असते, आणि अर्धवट बसवलेला राग पुढचे शिक्षक पुन्हा पहिल्यापासून, स्वतःच्या पद्धतीने सुरू करतात. प्रात्यक्षिकाच्या एका गटात मुलं किती? मुलं आणि मुली एकाच गटात असतील तर स्वर कोणता धरतात? मुलींची काळी चार-पाच आणि मुलांची सफेद एक-काळी एक या पेटीवरच्या पट्ट्यांची मोट बांधून कोणत्या तरी मधल्याच पट्टीत सगळ्यांना गायला लावलं जात असेल, तर दोन वर्षं कुणाचाच आवाज नीट लागणार नाही. हा प्रश्न विचारायला विद्यार्थी लाजतात. लाजू नका.

तबल्याची साथ तासाला मिळते का, की परीक्षेपुरतीच? जवारी (तारेचा घुमारा) नीट असलेले तानपुरे आहेत का, की सगळा कारभार मोबाइलच्या ॲपवर? वर्गांव्यतिरिक्त रियाजाला खोली कधी उघडी मिळते? विभागात महिन्याला बैठक होते का आणि तीत विद्यार्थ्यांना बसवतात का?

याची उत्तरं माहितीपत्रकात सापडत नाहीत. एक दिवस तिथे जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. आणि जमलं तर भिंतीपलीकडून तास ऐका. शिक्षक गातायत आणि मुलं ऐकतायत, की मुलं गातायत आणि शिक्षक थांबवून दुरुस्त करतायत? दुसरं ऐकू आलं तर बाकी उणिवा सोसून तिथे प्रवेश घ्यावा.

प्रवेश परीक्षेत काय गायला लावतात?

दिल्ली, बनारस अशा केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा असते, आणि शिवाय प्रत्यक्ष गायन-वादनाची चाचणी. राज्यातल्या विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी विभागच चाचणी घेतो.

आपल्या आवडीचा राग पाच-दहा मिनिटं गायचा असतो. इथे मुलं चूक करतात ती ऐट दाखवण्याची : अनवट राग निवडतात, विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, घाईने उरकून तानांवर येतात. परीक्षक पहिल्या दोन मिनिटांतच पुष्कळ काही ओळखतात. षड्ज लागला का, तानपुऱ्यात आवाज मिसळला का, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना धावपळ होते का. यमन, भीमपलासी, बिहाग यांपैकी काहीही चालतं. फक्त ते स्वच्छ हवं.

मग प्रश्न येतात, आणि निवड खरी इथे ठरते. एक नमुना देतो. परीक्षक म्हणतात, ‘मारवा, पूरिया आणि सोहनी, तिघांचे स्वर तेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक गाऊन दाखवा.’ वादी-संवादी, म्हणजे रागातले दोन सर्वांत महत्त्वाचे स्वर, घडाघडा म्हणणारे खूप असतात. मारव्याचे रिषभ-धैवत, पूरियाचे गंधार-निषाद, सोहनीचे धैवत-गंधार. पण ‘गाऊन दाखवा’ म्हटल्यावर गळा गप्प होतो. ज्याला तालीम आहे तो मारव्यात षड्ज मुद्दाम टाळून रिषभावर रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याला जरा अस्वस्थ करतो. पूरियासाठी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरतो, निषादावरून गंधाराकडे येतो आणि तिथे विसावतो. सोहनी म्हटलं की वरच्या षड्जाभोवती फिरतो, खाली फार थांबतच नाही. तीन रागांना तीन वाक्यं लागतात, दीड मिनिटाचं काम. तेवढ्यावर प्रवेश पक्का झालेला मी पाहिला आहे.

तानपुरा जुळवायलाही सांगतात. मालकंस गाणार असाल तर पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात आणि पूरियाला बहुधा निषादात लावतात, हे ठाऊक हवं. घोडीवरचा दोरा किंचित सरकवून जवारी खुलवता आली तर समोरची मंडळी आपोआप सरसावून बसतात.

अभ्यासक्रमात काय काय असतं?

प्रत्येक सत्रात काही राग विस्ताराने, म्हणजे विलंबित आणि द्रुत खयालासह आलाप-तानांनी, आणि काही राग बंदिशीपुरते. अहिर भैरव, बिलासखानी तोडी, शुद्ध सारंग, मधुवंती, मारू बिहाग, पूरिया कल्याण, दरबारी कानडा, जोगकंस, मियाँ मल्हार ही नावं बहुतेक याद्यांत भेटतात. जोडीला ध्रुपद-धमार, तराणा, ठुमरी-दादरा. महाराष्ट्रात काही ठिकाणी नाट्यपद आणि अभंगही. शेवटच्या सत्रात मंचप्रदर्शन आणि प्रबंधिका किंवा प्रकल्प.

लयकारीची फार भीती वाटते. किती येणं अपेक्षित असतं?

हातावर ताल देत ठेका (तालाचे ठरलेले बोल) म्हणणं, तोच दुगुन, तिगुन, चौगुन म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट लयीत, आणि आड म्हणजे दीडपट. बिआड, कुआड या आणखी अवघड पटी काही ठिकाणी. गायनाची मुलं तबलजीच्या भरवशावर वाढलेली असतात, म्हणून ती इथे चाचपडतात.

भीती हिशेबाने जाते. झपताल दहा मात्रांचा. तो दीडपटीत एकदा म्हणायला सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा लागतात. दहातून तेवढ्या वजा केल्या की उरतात तीन पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे तीन मात्रा सोडायच्या, चौथीचा एक तृतीयांश जाऊ द्यायचा आणि तिथून ‘धी ना’ सुरू करायचं, की बरोबर समेवर याल. कागदावर हे एकदा मांडा आणि मग कागद फेकून द्या. रोज चालताना पावलांवर म्हणा. महिनाभरात हातात बसतं. एकताल बारा मात्रांचा, आठ मात्रांत संपतो, म्हणून पाचव्या मात्रेवर सुरू. तो सोपा, सुरुवात त्यानेच करावी.

शास्त्राचा पेपर जड जातो का?

जड जातो तो पाठांतर करणाऱ्यांना. भरताचं नाट्यशास्त्र, मतंगाची बृहद्देशी, तेराव्या शतकातला शारंगदेवाचा संगीत रत्नाकर, ग्राम-मूर्च्छना-जाती, बावीस श्रुती, व्यंकटमखीचे बहात्तर मेळ, रागांच्या वर्गीकरणासाठी भातखंड्यांचे दहा थाट. ही सगळी यादी नोट्सच्या झेरॉक्सवर उतरवून काढली की ती परीक्षेनंतर आठ दिवसांत विसरली जाते. तेच, थाटपद्धतीत कोणते राग बसत नाहीत हे स्वतः शोधून पाहिलं तर कायमचं लक्षात राहतं. पटदीप कुठल्या थाटात घालायचा? मधुवंती? एकदा प्रयत्न करा, भातखंड्यांची अडचण आणि त्यांचं मोठेपण दोन्ही कळतील.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक फायदा आहे. भातखंड्यांचं ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मुळात मराठीत आहे. गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेलं, जागोजागी खोचक. ते गाइडमधून न वाचता थेट वाचावं.

स्वरलेखनही येतं. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. ही सरावाची बाब आहे, रोज एक बंदिश लिहून काढली की झालं.

माझे गुरू बाहेर आहेत आणि विभागातलं घराणं वेगळं आहे. गोंधळ होणार नाही का?

होणार. आणि तो कसा हाताळायचा हे आधीच ठरवायला हवं.

भास्करबुवा बखल्यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांच्या उस्तादांकडून विद्या घेतली आणि तरी त्यांचं गाणं त्यांचंच राहिलं. पण बुवा एकेका उस्तादापाशी वर्षानुवर्षं राहिले. त्यांचं उदाहरण देऊन सोमवारी किराणा घराणं आणि गुरुवारी आग्रा असं शिकता येत नाही.

व्यवहाराची वाट अशी : आवाज लावण्याची पद्धत, आलापाची बढत (क्रमाने विस्तार), तानेचा वळसा हे एकाच गुरूंचं ठेवा. विभागातून बंदिशी घ्या, राग घ्या, शास्त्र घ्या. प्रवेश घेण्यापूर्वी गुरूंना सांगा आणि त्यांची परवानगी घ्या. काही गुरूंना हे रुचत नाही, आणि ते मागून कळलं तर मन दुखावतं. विभागातल्या शिक्षकांनाही पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. समंजस शिक्षक ‘ही जागा तुमच्याकडे कशी घेतात ते गा पाहू’ असं म्हणून वर्गाचाच फायदा करून घेतात. ‘इथे आमचंच गायचं’ असं म्हणणारे भेटले तर परीक्षेपुरतं त्यांचं गा, वाद घालू नका.

रियाज किती तास करायचा?

आकडा विचारू नका. वर्ग, प्रवास, प्रबंधिका सांभाळून सकाळचा एक सलग वेळ रोज मोकळा ठेवता आला तर तो दिवसभराच्या तुकड्यांपेक्षा मोलाचा. खर्ज, पलटे, एक राग. वर्गात शिकवलेल्या पाच रागांची रोज उजळणी करायला गेलात तर एकही मुरणार नाही.

आवाज बसला तर गप्प राहा. आठवडाभरात सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मध-आलं-ज्येष्ठमधावर महिना काढू नका.

मंचप्रदर्शनाची तयारी कशी करावी?

वेळ मर्यादित असतो आणि परीक्षक सकाळपासून ऐकत असतात. परीक्षा बहुधा दिवसा असते, त्यामुळे दुपारी दोन वाजता दरबारी गाण्याची वेळ येते. राग निवडायची मुभा असेल तर शुद्ध सारंग, भीमपलासी, मुलतानी असे दिवसाचे राग हाताशी ठेवा. ऐकणाऱ्याचे कान त्यांना तयार असतात.

विलंबिताला अतिविलंबित लय घेऊ नका. चाळीस मिनिटांत ती खुलत नाही, आवर्तनं मोजकीच मिळतात आणि बढत मध्यमापर्यंत पोचायच्या आत घंटा वाजते. लय थोडी चढी ठेवली तर षड्ज ते तार षड्ज असा पूर्ण प्रवास दाखवता येतो. तानांना शेवटची सात-आठ मिनिटं राखून ठेवा.

साथीदारांबरोबर आधी किमान दोनदा बसा. आयत्या वेळी आलेला पेटीवाला कितीही तयार असला तरी तुमच्या आलापाच्या पुढे पळू शकतो. तबलजीला बंदिश कितव्या मात्रेवरून उठते आणि मुखडा कसा आहे हे आधी सांगितलेलं असावं. आणि चुकलात तर थांबून ‘सॉरी’ म्हणू नका. पुढच्या समेवर नीट या, बस. परीक्षकही गाणारेच असतात, त्यांना सगळं कळतं.

तबला किंवा वाद्य घेतलं तर काय वेगळं?

तबल्याला एकल वादन हा गाभा. तीनतालाबरोबर झपताल, रूपक किंवा नऊ मात्रांचा मत्तताल अशा तालांत पेशकार, कायदे, रेले, गती, तुकडे, चक्रदार या रचना. पढंतीला, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याला, वेगळे गुण असू शकतात. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब या घराण्यांचा बाज वाजवून दाखवता यायला हवा. लेहरा, म्हणजे एकल वादनाला साथ म्हणून सतत फिरणारी धून, धरणारा माणूस आधी शोधा. चांगला लेहरेवाला मिळणं चांगल्या तबलजीपेक्षा अवघड झालं आहे. मशिनवर तयारी केलेल्यांची परीक्षेच्या दिवशी जित्याजागत्या पेटीबरोबर तारांबळ उडते.

सतार, बासरी, व्हायोलिन यांसाठी आपल्या वाद्याचा शिक्षक विभागात आहे ना, हे आधी पाहा. नसेल तर दोन वर्षं गायनाच्या तासाला बसून वाद्यावर वाजवत राहाल.

खर्च किती येतो? शिष्यवृत्ती मिळते का?

सरकारी विद्यापीठांची फी इतर अभ्यासक्रमांच्या मानाने हलकी असते, खासगी विद्यापीठांची तशी नसते. खरा खर्च वेगळाच : परगावी राहणं, बाहेरच्या गुरूंची तालीम, साथीदारांचं मानधन, वाद्य.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. ती गुरूकडे शिकण्यासाठी असते, तिची मुलाखत म्हणजे प्रत्यक्ष गायन-वादनच. २५ ते ४० वयोगटाला त्याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप आहे, महिना १०,००० रुपये, पण ती संशोधन-प्रकल्पासाठी. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. कागदपत्रं, गुरूंचं पत्र आणि चांगलं ध्वनिमुद्रण कायम तयार ठेवावं.

नोकरी कुठे मिळते?

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. नेटला संगीत हा विषय आहे, दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत, तालवाद्य असा पसारा असल्यामुळे फक्त आपल्या रागांवर भिस्त ठेवून चालत नाही. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी.ची वर्षं निभावतात. त्यासाठी वयाची मर्यादा ३० वर्षं, सवलती वेगळ्या.

कमी लोकांना माहीत असलेली एक वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आहे. नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी असलेला, पदवीधर आणि विषय समजावून सांगता येणारा कलाकार नेटशिवायही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. म्हणून आकाशवाणीची ऑडिशन टाळू नका. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी चढायला वर्षं लागतात, पहिली पायरी विद्यार्थिदशेतच चढावी.

हे सगळं खरं, पण कायम पदांची भरती कमी आणि रेंगाळणारी असते, हे आई-वडिलांना आधीच सांगा. एम.ए. झालेल्यांपैकी बहुतेक जण शाळेत संगीत शिक्षक, स्वतःचा क्लास, ऑनलाइन शिकवण्या आणि अधूनमधून कार्यक्रम अशी मोळी बांधतात. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि नीट शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यांची वाण पडत नाही.

नोकरी सांभाळून करता येईल का? वय चाळीस आहे.

वयाची वरची अट सहसा नसते. वर्गात पंचविशीतल्या मुलांबरोबर गृहिणी आणि निवृत्त अधिकारीही दिसतात, आणि शास्त्राच्या पेपरात तेच पुढे असतात. अडचण हजेरीची. पूर्णवेळ अभ्यासक्रमाला ७५ टक्के उपस्थिती मागतात. सकाळचे किंवा संध्याकाळचे वर्ग असतील तर जमतं. दुसरी एखादी पदवी चालू असेल तर २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, वेळा आपसात आड येत नसतील तर.

दूरस्थ एम.ए. घेणार असाल तर त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, आणि प्रात्यक्षिक कोण, कुठे, किती दिवस घेणार आहे, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

मी नाट्यपदं आणि भावगीतं छान गाते, खयाल फारसा शिकलेले नाही. चालेल?

आत्ता नाही. एक-दोन वर्षं खयालाची पक्की तालीम घ्या, मग अर्ज करा. तोवर तुमच्याकडे असलेली शब्दफेक सांभाळून ठेवा. खयालवाल्या मुलांना ठुमरीच्या तासाला नेमकी तीच जमत नाही.